तारा लावलेले दात आणि पितळी वाद्य : थकबाकीच्या वहीतील एक नोंद

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत व्यवस्थापकाने आकडे सांगावेत अशी रीत आहे आणि ती मी आजवर निष्ठेने पाळत आलो आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधोपचारातले मला कळत नाही, जमाखर्चातले थोडेफार कळते. यंदाचे आकडे लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीनिशी या अहवालाच्या पुढील पानांवर दिलेलेच आहेत. म्हणून आपल्या परवानगीने आज मी त्यांतील एकाच नोंदीविषयी बोलणार आहे.

ही नोंद आमच्या थकबाकीच्या वहीत होती. रक्कम लहान, रुग्णही लहान. चौदा वर्षांचा मुलगा. वरचे दात पुढे आलेले आणि खालचे एकमेकांवर चढलेले, म्हणून आमच्या दंत विभागात त्याच्या दातांना तारा बसविल्या होत्या. दोन हप्ते भरले गेले, पुढचे आले नाहीत. समोरच्या रकान्यात आमच्या लिपिकाने नेहमीप्रमाणे लिहिले होते : ‘रुग्णाने उपचार सोडला’. मुलाचे आणि त्याच्या गावाचे नाव मी सांगणार नाही. आपल्याच जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गावी त्याच्या वडिलांची बँड पार्टी आहे आणि मुलगा तिच्यात कॉर्नेट वाजवतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

वसुलीसाठी मी वडिलांना बोलावून घेतले. ते आले, मुलालाही घेऊन आले. मी वही पुढे केली. ते म्हणाले, “साहेब, पैसे बुडवाचे नाही आमाले. पन ताराच रायल्या नाही तं हप्ता कायचा देऊ?” मुलाने तोंड उघडून दाखविले. तारा नव्हत्या. घरीच पकडीने काढल्या होत्या. दोन दातांवर ब्रॅकेट तसेच चिकटलेले होते आणि एका दाताचा कोपरा उडालेला होता.

मी रागावलो, हे मी येथे कबूल करतो. त्यावर वडील शांतपणे म्हणाले, “डाक्टरसाहेब म्हने, दोन वर्सं वाजवू नको. दोन सीझन गेले तं पार्टीत त्याची जागा दुसरा घेन. मंग सरळ दात घेऊन काय करन तो?”

मित्रहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा प्रश्न आमच्या रुग्णालयाने त्या घराला आधी विचारायला हवा होता, तो त्या घराने आम्हाला विचारला.

आपल्यापैकी काहींना वाटेल की, जेथे क्षयरोग, मलेरिया आणि सिकलसेल यांच्याशी रोजचा सामना आहे, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रुग्णालयाने वाजंत्र्याच्या दातांची एवढी चर्चा कशाला करावी? मलाही आरंभी तसेच वाटले होते. परंतु आपल्या भागात बँड ही केवळ हौसेची गोष्ट नाही. चंद्रपूरला महाकालीची चैत्री यात्रा असो, १४ एप्रिलची मिरवणूक असो, १९५६ साली चंद्रपुरात झालेल्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ भरणारा १६ ऑक्टोबरचा सोहळा असो, गणपतीचे विसर्जन असो किंवा लग्नाची वरात असो, तेथे वाजविणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचे वर्षाचे धान्य बहुतांशी त्या दिवसांवर येते. इंग्रजी पलटणींच्या बँडवरून आपल्याकडील लग्नाच्या बँडची घडण झाली. नागपूरजवळच्या कामठीला १८२१ सालापासून छावणी आहे. वाद्ये आजही मोठ्या प्रमाणावर मेरठच्या जली कोठी भागात घडविली जातात. धुमाल आणि डीजे आल्यापासून पितळी वाद्यांच्या सुपाऱ्या कमी झाल्या आहेत, हे खरे. परंतु ज्या घरात तेवढी एकच विद्या आहे, त्या घराला ती जपावीच लागते.

आता मूळ अडचण काय, ते आमच्या डॉक्टरांनी आणि त्या बँडमास्टरांनी मिळून मला समजावून सांगितले. ते जसे मला कळले, तसे सांगतो.

कॉर्नेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम ही वाद्ये असोत की आपली तुतारी असो, सूर पितळातून निघत नाही, तो ओठांतून निघतो. माउथपीसची वाटी ओठांवर टेकवायची, ओठ जुळवून त्यांतून हवा सोडायची, ओठ थरथरतात आणि ती थरथर नळीत जाऊन सूर होतो. या ओठांना मागून आधार असतो तो समोरच्या दातांचा. एरवी दाताची बाजू गुळगुळीत असते. तारा लावल्या की तिच्यावर सुमारे दोन मिलिमीटर उंचीचे धातूचे खडे आणि त्यांवरून गेलेली तार येते. ओठ मग पितळ आणि पोलाद यांच्या कात्रीत सापडतो. वरचा सूर काढताना वादक वाटी जोराने दाबतो, तेव्हा ओठ आतून सोलला जातो. शिवाय ओठांची वर्षानुवर्षांची बैठक दोन मिलिमीटरने पुढे सरकल्यामुळे ओळखीचा सूरही सापडेनासा होतो. मुलाला वाटते, आपली कला गेली.

सगळ्या वाद्यांचा त्रास सारखा नसतो. ट्रम्पेट आणि कॉर्नेट यांच्या वाटीचा आतील व्यास साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो. ट्रॉम्बोन आणि युफोनियमचा सुमारे २५, तर मोठ्या बेसचा ३० च्या वर असतो. वाटी जितकी लहान, तितका दाब थोड्या जागेत एकवटतो. म्हणून सर्वांत अधिक त्रास कॉर्नेटवाल्याला आणि सर्वांत कमी बेसवाल्याला. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांची गोष्ट निराळी. त्यांचे तोंड दातांमध्ये धरावे लागते. वाद्यांचा दातांवर होणारा परिणाम हा विषयही नवा नाही. स्ट्रेयर नावाच्या अमेरिकी दंतव्यंगोपचारतज्ज्ञाने १९३९ सालीच फुंकवाद्यांचे या दृष्टीने वर्गीकरण करून ठेवलेले आहे. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर तेवढा प्रश्न नव्हता.

‘दोन वर्षे वाजवू नकोस’ हा सल्ला सुरक्षित होता, पण त्याची गरज नव्हती. तारा लावूनही पितळी वाद्य वाजविता येते. जगभर शाळांच्या बँडमधील असंख्य मुले तसे वाजवितात. मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात आणि धीर धरावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी मुलाला कॉर्नेट घेऊन रुग्णालयात बोलाविले. दंत विभागाच्या खुर्चीजवळ कॉर्नेट वाजले, ते बहुधा पहिल्यांदाच. मुलगा वाजवीत होता, डॉक्टर ओठ पाहत होते आणि बँडमास्टर डॉक्टरांना समजावून देत होते. त्या दुपारी जे ठरले, त्याचा एक मराठी कागद आम्ही तयार केला. तो आज दंत विभागात मिळतो. त्यातील मुख्य गोष्टी येथे सांगतो, कारण सभेला आलेल्या पालकांपैकी कोणाच्या तरी त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट मेणाची. दंतोपचारासाठीचे खास मेण मिळते. वाजविण्यापूर्वी ब्रॅकेट स्वच्छ कापडाने कोरडे करावे, वाटाण्याएवढे मेण बोटांत मळून मऊ करावे आणि ओठाला टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबून बसवावे. जेवणापूर्वी काढून टाकावे, पुन्हा नवे लावावे. चुकून थोडे गिळले गेले तरी घाबरण्याचे कारण नाही. ज्यांना रोज बराच वेळ वाजवावे लागते, त्यांच्यासाठी ब्रॅकेटवर बसणारी मऊ पट्टीही मिळते. काहींना ती सोयीची वाटते, काहींना तिच्या जाडीमुळे सूर लागत नाही. दोन्ही करून पाहावे.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिले काही आठवडे एका बैठकीत पाच-दहा मिनिटांपेक्षा अधिक वाजवू नये. दिवसातून तीन-चार वेळा वाजवावे आणि जितका वेळ वाजविले, तितकाच वेळ ओठांना विसावा द्यावा. खालचे आणि मधले सूर हळू आवाजात लांबवावेत. वरच्या सुरांची घाई करू नये. तार घट्ट करून आल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात, त्या दिवसांत सुपारी घेऊ नये. ओठाला आतून जखम झाली, तर ती भरेपर्यंत वाद्य बाजूला ठेवावे आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. तारेचे टोक टोचत असेल, तर तात्पुरते मेण लावून दवाखान्यात यावे, पकडीने कापू नये. दातांना रबर लावले असतील, तर वाजविताना ते काढावेत की नाही, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारावे.

तिसरी गोष्ट दाबाची, आणि ती आम्हाला डॉक्टरांनी नव्हे, बँडमास्टरांनी शिकविली. त्यांनी मुलाच्या हातून कॉर्नेटची पकड सोडविली आणि ते नुसते तळहातावर आडवे ठेवून फुंकायला लावले. अशा वेळी वाटी ओठांवर दाबताच येत नाही. सूर काढायचा तर पोटातून दम लावावा लागतो. “जोर हातात नाही, पोटात पाह्यजे,” असे ते म्हणाले. जो वादक दाबून वाजविण्याच्या सवयीचा आहे, त्याला तारा फार छळतात. ज्याचा दम चांगला आहे, त्याला कमी. तारांच्या निमित्ताने ही सवय सुटली, तर तारा निघाल्यावरही ती सुटलेलीच राहते, हा त्यातला लाभ.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. तारांमध्ये अन्न अडकते, म्हणून वाजविण्यापूर्वी चूळ भरावी आणि दिवसातून किमान दोनदा नीट ब्रश करावा. चिक्की, फुटाणे, ऊस, कच्चा पेरू हे टाळावे. वरातीत हातोहात मिळणारे शीतपेय आणि जिलबी यांवरही आवर घालावा. माउथपीस साबणाच्या पाण्याने धुवावे आणि ते दुसऱ्याला देऊ नये. क्षयरोग असलेल्या आपल्या भागात हे पथ्य तारा नसलेल्यांनीही पाळावे.

आणि खर्रा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकमध्ये घोटून केलेला खर्रा बँडच्या गाडीत हमखास असतो. दोन गाण्यांच्या मध्ये तो गालात जातो. सुपारीने गाल आणि ओठ आतून ताठर होत जातात, तोंड उघडेनासे होते, आणि पुढे कर्करोगाची भीती असते. पितळी वाद्याच्या वादकाचे सारे भांडवल मऊ ओठ आणि लवचीक गाल हेच आहे. हे भांडवल तारांनी जात नाही, खर्ऱ्याने जाते. त्या मुलाच्या वडिलांनी त्या दिवशी खिशातील पुडी आमच्या कचरापेटीत टाकली. ती शेवटची होती असा माझा दावा नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशोबाकडे येतो.

तारांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात यावे लागते. आमची तारखांची वही आमच्या सोयीने चालत होती. त्या मुलाच्या दातांना पहिल्या वेळी आम्ही तारा बसविल्या त्या फाल्गुनात, ऐन लग्नसराईच्या तोंडावर! बँडचे वर्ष निराळे असते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्ने थांबतात. मधले गणपतीचे दिवस सोडले, तर वादकाच्या ओठांना चार महिन्यांची सवड असते. तारा बसवायच्या तर या काळात. ओठ रुळण्यासाठी काही आठवडे लागतात, तेवढे मिळतात. तारा काढायच्याही याच काळात, कारण काढल्यानंतर ओठांची बैठक पुन्हा बदलते आणि पुन्हा दोन-तीन आठवडे सूर शोधावा लागतो. ही एक तारीख बदलण्यासाठी रुग्णालयाला एक रुपयाही खर्च आला नाही.

दुसरी बाब पाण्याची. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. तेथील मुलांच्या दातांवर डाग असतात आणि अशा दातांवर ब्रॅकेट कमी घट्ट चिकटतात, वारंवार निघतात. वाटीचा दाब आला की आणखी लवकर. म्हणजे एक जादा खेप. दुर्गम तालुक्यांत एका खेपेचा अर्थ काय, ते आपण जाणताच. भामरागड किंवा सिरोंच्याच्या बाजूने येणाऱ्या पालकाचा पूर्ण दिवस आणि पुष्कळदा रात्रही प्रवासात जाते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून उत्तम सेवा देत आहे, परंतु दर महिन्याला तेथे जाणे-येणे मजुरी बुडवून किती घरांना परवडेल?

तिसरी बाब निधीची. सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांना कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ते आपण काटेकोरपणे करतो. परंतु आमची सगळी नजर खाटांवर खिळलेली असते, आणि हा मुलगा आमच्याकडे एकही रात्र खाटेवर झोपला नाही. शिवाय दातांच्या तारा म्हटल्या की ‘हे सौंदर्याचे काम’ असा शेरा आमच्याच कार्यालयात मारला जात असे. तो शेरा मीही मारलेला आहे. पुढे आलेले दात ज्याच्या ओठाला रोज आतून कापतात आणि त्या ओठावर ज्याचे पोट आहे, त्याच्या बाबतीत हे सौंदर्याचे काम नव्हे. सुताराच्या बोटावरील शस्त्रक्रियेला आपण सौंदर्य म्हणत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगतो. आषाढात त्याच्या दातांना पुन्हा तारा बसविल्या. उडालेला कोपरा भरून दिला. पहिल्या महिन्यात त्याचा सूर इतका फाटत होता की घरच्यांनी आम्हाला बोल लावला. पार्टीतील एका वयस्कर वादकाचे युफोनियम त्याला एका हंगामापुरते देण्यात आले. वाटी मोठी असल्याने ते त्याला सोसले, आणि पार्टीतील त्याची जागा राहिली. दुसऱ्या हंगामात तो थोडा थोडा वेळ कॉर्नेटवर आला. त्यानंतरच्या आषाढात तारा निघाल्या. आता रात्री लावायची काढघालीची तार तेवढी आहे. वाजविताना ती डबीत ठेवायची, खिशात नाही, असे त्याला बजावले आहे. राहिलेले हप्ते वडिलांनी दोन लग्नसराईंत फेडले. माझ्या वहीतील ती नोंद बंद झाली.

परंतु एक नोंद उघडीच आहे. याच काळात एका शाळेच्या बँडमधील ट्रम्पेट वाजविणारी मुलगी आमच्याकडे येत होती. तिला आम्ही मेण दिले, कागद दिला, तारखाही सोयीच्या दिल्या. तिसऱ्या भेटीनंतर ती आली नाही. गाव फार आत आहे. तिच्या दातांवर तारा अजून असतील, तर त्या तिच्या दातांना अपायही करीत असतील, कारण देखरेखीवाचून राहिलेली तार दात सरळ करीत नाही. निरोप पाठविले आहेत. अद्याप उत्तर नाही. यश सांगताना हे लपविणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि देणगीदारांपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. दीर्घकाळ चालणाऱ्या बाह्यरुग्ण उपचारांतील मुलांसाठी एक लहानसा प्रवासनिधी असावा. मेणाचे एक पाकीट शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते, पण ते आणायला लागणारे बसभाडे त्याहून कितीतरी अधिक असते. दुसरे, दंतव्यंगोपचारतज्ज्ञांच्या भेटीचा एक दिवस वर्षातून काही वेळा गडचिरोलीच्या दक्षिण भागात ठेवता यावा. तिसरी विनंती पैशांची नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर आम्ही एक नवी ओळ घातली आहे : ‘आपण काय काम करता, आणि या उपचाराने त्यात काय अडेल?’ ही ओळ कोरी राहू नये, यासाठी पालकांनी आम्हाला आग्रहाने सांगावे. डॉक्टर घाईत असतील तरी सांगावे.

थकबाकीच्या वहीतील तो रकानाही आम्ही बदलला आहे. ‘रुग्णाने उपचार सोडला’ असे आता आम्ही लिहीत नाही. ‘रुग्ण येणे थांबले, कारण :’ असे लिहितो, आणि कारण लिहिल्याशिवाय मी त्या पानावर सही करीत नाही.

आमच्या दंत विभागातील डॉक्टरांचे, परिचारिकांचे, मेणाचा पहिला साठा विनामूल्य देणाऱ्या देणगीदारांचे आणि विशेषतः त्या बँडमास्टरांचे न्यासाच्या वतीने मी मनःपूर्वक आभार मानतो. सभेनंतर चहाच्या वेळी बाहेर अंगणात जे कॉर्नेट वाजेल, ते त्याच मुलाचे आहे. दहा मिनिटे वाजवून तो थांबेल. कृपया ‘आणखी एक’ असा आग्रह त्याला करू नये. उद्या त्याच्या पार्टीला वरात आहे.